शुगर आहे म्हणून दाढ किती दिवस सांभाळायची?

प्रश्न : माझ्या सासूबाई 67 वर्षांच्या आहेत. बारा वर्षं शुगरच्या गोळ्या चालू आहेत. त्यांची खालची उजवी दाढ किडून पोखरलीय. तीन महिन्यांत दोनदा गाल सुजला, दोन्ही वेळा गोळ्यांचा कोर्स केला, सूज उतरली की विषय मागे पडला. आता उपाशीपोटी शुगर 230 आणि तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 9.1 टक्के आलीय. शेजारच्या काकू म्हणतात, शुगरवाल्याचा दात काढला की जखम भरतच नाही. सासूबाईंनी त्याचा धसकाच घेतलाय. त्यांना मिसरीची सवयही आहे. काय करावं?
— एक सूनबाई, सांगोला तालुका

उत्तर : ताई, काकूंच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. रक्तात साखर सतत जास्त राहिली की जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही. त्यामुळे जखम उशिरा भरते आणि पू होण्याची भीती वाढते. पण ‘भरतच नाही’ हे खरं नाही. शुगर आटोक्यात असलेल्या माणसाची जखम बहुतेक वेळा इतरांसारखीच भरते. दंतवैद्य म्हणून चोवीस वर्षं मी हे रोज बघतेय.

काकूंनी दुसरी बाजू मात्र धरली नाही. सासूबाईंच्या दाढेच्या मुळाशी पू आहे. शरीरात असा जंतुसंसर्ग घर करून बसला की इन्सुलिनचं काम नीट होत नाही आणि शुगर हटत नाही. म्हणजे शुगर उतरत नाही म्हणून दाढ काढायची नाही, आणि दाढ आत आहे म्हणून शुगर उतरत नाही. गोळ्यांनी सूज ओसरते, पण किडकी दाढ जागेवरच राहते. तिसऱ्यांदा गाल सुजायची वाट पाहू नका.

आधी शुगरच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘दाढ काढायची आहे’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते औषध वाढवतील किंवा थोडे दिवस इन्सुलिन देतील. माझ्या खुर्चीवर बसल्यावर बोटातून तपासलेली शुगर 200 च्या आत असेल तर मी निर्धास्तपणे दाढ काढते. 250 च्या वर असेल आणि ठणका, सूज नसेल तर आठ-पंधरा दिवस थांबते. सूज चढत असेल तर मात्र आकड्यासाठी अडून बसत नाही. फिजिशियनना फोन करून, शुगर सांभाळत पू काढून टाकावाच लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शनं किंवा आठवड्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा. त्या औषधांनी जबड्याचं हाड भरायला अडचण येते, आणि हे सांगायचं बायका हमखास विसरतात.

एक प्रसंग सांगते, कारण ही चूक घरोघरी होते. साठीच्या एक मावशी सकाळी नऊला आल्या. शुगरची गोळी वेळेवर घेतलेली, पण ‘दात काढायचाय म्हणून’ पोटात चहासुद्धा नाही. इंजेक्शन द्यायच्या आधीच कपाळावर दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक. बोटातून तपासली तर शुगर 56. पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, तेव्हा कुठे 84. त्या दिवशी दाढ काढली नाही. दाढ काढताना फक्त तेवढी जागा बधिर करतात, त्यासाठी उपाशी राहायचं नसतं. सासूबाईंना सकाळची वेळ घ्या, रोजचा नाश्ता आणि रोजची गोळी देऊन न्या. एकादशीच्या दिवशी तर वेळ घेऊच नका.

दाढ निघाल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. सगळी मदार तिच्यावर. तिच्यावरच नवं मांस धरतं, हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. म्हणून दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. सारखं थुंकायचं नाही, थुंकी गिळायची. पहिले चोवीस तास गुळण्या नकोत, स्ट्रॉ नको, जिभेने चाचपणं नको. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हलकेच फिरवून सोडून द्यायचं. खळखळून चूळ भरली की गुठळी उखडते. हळद, लवंगेचं तेल खड्ड्यात भरू नका.

दात काढला की आइस्क्रीम खायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. शुगरवाल्यांनी ती सोडावी. गारवाच हवा असेल तर फ्रिजमधलं दही, ताक चालतं. मऊ खिचडी, गार केलेलं मुगाचं वरण, उकडलेलं अंडं कुस्करून द्या. जखमेला प्रथिनं लागतात. जेवण कमी जाणार असेल तर गोळीचं किंवा इन्सुलिनचं काय करायचं, ते शुगरच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा. दुखण्यावरची गोळीही मनाने नको, शुगरवाल्यांच्या मूत्रपिंडाला त्यातल्या काही सोसत नाहीत.

आता मिसरी. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या मुलाने सांगावं, असा माझा अनुभव आहे. दाढ काढायच्या आधी आठवडाभर आणि नंतर निदान दोन आठवडे मिसरीचं बोट हिरडीला लागता कामा नये. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे शुगरने जे बिघडवलंय त्यातच भर. एवढे दिवस सुटली तर पुढेही सुटू द्या, तोंडाच्या कॅन्सरचं भय तिथेच आहे.

ताप, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, जबड्याखाली टणक सूज, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. वरची दाढ काढलेल्या शुगरवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : अर्धा चेहरा बधिर होणं, नाकातून काळसर स्राव, टाळूवर काळा डाग. 2021 मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, आपल्याकडे किती जणांचे जबडे गेले, ते आम्ही दंतवैद्य विसरलेलो नाही. त्यातल्या बऱ्याच जणांची शुगर वाढलेली होती.

प्रश्न : मला शुगर आहे. दाढ काढून पाच दिवस झाले. दुखत नाही, पण खड्ड्यात पांढरट-पिवळं दिसतंय. पू आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : दुखत नसेल, वास येत नसेल, सूज नसेल तर तो बहुधा पू नाही. ती भरणाऱ्या जखमेवरची साय आहे. काडीने, कापसाने खरवडू नका. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढून कानापर्यंत गेला, घाण वास आला आणि खड्डा रिकामा दिसला, तर गुठळी निघून गेलीय असं समजा आणि डॉक्टरांकडे जा. ते खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, बहुतेकांना त्याने लवकर आराम पडतो. तुमची शुगर या पाच दिवसांत तपासली नसेल तर उद्या सकाळी तपासून घ्या.