8 पॉइंट, चार इस्पिक आणि एकच बदाम: फक्त 2 इस्पिक बोलायचं का?

बाकीच्यांसाठी ब्रिजचा हा बोर्ड (डाव) आधी थोडक्यात मांडतो. पॉइंट म्हणजे एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1. टीम मॅच, म्हणजे तेच पत्ते दोन टेबलांवर, आणि दोन्ही बाजू व्हल्नरेबल, म्हणजे गेमचं बक्षीस आणि बुडण्याचा दंड दोन्ही जास्त. पार्टनरने 1 इस्पिक ओपन केलं, पाच पत्त्यांचं, उजवीकडच्याने 2 बदाम. तुमच्याकडे इस्पिक राजा-गुलाम-7-4, बदाम 8, चौकट एक्का-9-6-3, किलवर 10-7-5-2. तुम्ही 2 इस्पिक बोललात, डावीकडून 3 बदाम आलं, मग पार्टनर पास, उजवीकडचा पास आणि तुम्हीपण पास. ते एकने बुडले, तुम्हाला 100. दुसऱ्या टेबलवर याच पत्त्यांत 4 इस्पिक झालं, 620. फरक 520, म्हणजे 11 आयएमपी (टीम मॅचचे गुण) गेले, आणि तुमचा प्रश्न असा की शेवटचा पास चुकला का.

चुकला, नऊ हुकूम असताना 3 इस्पिक बोलायलाच हवं होतं. पण त्याने मिळालं काय असतं? वरचा एक हात (ट्रिक) धरून 170, तरी फरक 450, म्हणजे 10 आयएमपी जातातच, वाचतो जेमतेम एक. हा बोर्ड तुमच्या पहिल्याच बोलीवर गेला.

2 इस्पिक ऐकून पार्टनर समजतो तीन पत्त्यांचा सपोर्ट, 6 ते 9 पॉइंट. आता हेही 8च पॉइंट बघा: इस्पिक गुलाम-7-4, बदाम राणी-गुलाम-3, चौकट राणी-6-3, किलवर राणी-10-5-2. यावर 2 इस्पिक अगदी बरोबर, कारण बदामातली राणी-गुलाम डिफेन्सला कामाची, आपल्या खेळात जवळपास वाया, आणि रुफ करायला, म्हणजे हुकमाने कापायला, सिंगलटन (रंगातला एकटा पत्ता) नाही. तुमच्या पत्त्यांत एक्का आणि हुकमाचा राजा, वाया काहीच नाही, आणि शत्रूच्याच रंगात सिंगलटन. या दोन्हीवर एकच बोली दिलीत तर पार्टनरने ओळखायचं कसं?

म्हणून तुमची बोली 3 बदाम, म्हणजे क्यू-बिड, ज्याचा अर्थ चार इस्पिक आणि गेमचं (इथे 4 इस्पिकचं) आमंत्रण किंवा त्याहून जास्त. लूजर, म्हणजे हरू शकणारे पत्ते, मोजून बघा: इस्पिक 2, बदाम 1, चौकट 2, किलवर 3, एकूण 8. साध्या ओपनिंगला साधारण 7 लूजर. बेरीज 15, ती 24 मधून वजा केली की 9 हात, म्हणजे बरोबर आमंत्रणाएवढं.

तुम्ही दिलेले पार्टनरचे पत्ते असे: इस्पिक एक्का-राणी-10-6-3, बदाम 7-5-2, चौकट राजा-4, किलवर एक्का-9-3. तेरा पॉइंट, सात लूजर, कागदावर मिनिममच. क्यू-बिडनंतर त्याने 4 इस्पिक गाठलं असतं का? मी त्याच्या जागी गेलो असतो. लूजर मोजताना एक्का आणि राणी एकाच तराजूत पडतात, त्यामुळे दोन एक्के असले की ती मोजणी कमी दाखवते. शिवाय बदामात तीन बारके पत्ते, एकही चित्र नाही, म्हणजे सगळी ताकद कामाच्या रंगांत. हातातले पाच इस्पिक, डमीत (तुमच्या उघड्या पत्त्यांत) बदामाचे दोन रुफ, चौकटचे दोन, किलवर एक्का, झाले दहा. दोघांचे मिळून 21 पॉइंट आणि गेम होतो! पॉइंटची मोजणी नो ट्रम्पला (बिनहुकमी खेळाला) ठीक, फिट (दोघांचा जुळलेला रंग) सापडल्यावर आकार आणि चित्रं कुठे बसलीत तेच जास्त बोलतं.

व्हेर्न या फ्रेंच माणसाचा टोटल ट्रिक्सचा नियमही (दोन्ही बाजूंचे हुकूम मिळून जितके, साधारण तितकेच एकूण हात) इथे बरोबर बसतो, आपले नऊ इस्पिक, त्यांचे नऊ बदाम, एकूण 18 हात, आणि खरंच आपले 10, त्यांचे 8. पण हे ऑक्शन चालू असताना नेमकं कळत नाही, हा नियम 3 च्या लेव्हलवर पास की बोली एवढं ठरवायला वापरा, गेम गाठायला नको.

आता रिस्क बघू. टीममध्ये व्हल्नरेबल गेम झाला तर पार्टस्कोअरपेक्षा (गेमच्या खालच्या बोलीपेक्षा) 10 आयएमपी वर, एकने बुडाला तर 6 खाली, म्हणजे 38 टक्के चान्स असला तरी बोलावं. नॉन-व्हल्नरेबलला हेच 6 विरुद्ध 5, तिथे साधारण 45 टक्के लागतात. पेअर्सला (जोड्यांच्या स्पर्धेत) निम्म्याहून जास्त पाहिजेत, तिथे पार्टनरने याच पत्त्यांवर क्यू-बिडनंतर 3 इस्पिकवर थांबणं मला मान्य आहे.

पुढच्या मॅचआधी पार्टनरशी एवढं पक्कं करा की मध्ये बोली आल्यावर सरळ 3 इस्पिक म्हणजे काय. बरेच जण ती चार पत्त्यांची कमजोर, अडवणारी उडी धरतात आणि मीही तसंच खेळतो. तुमचा पार्टनर तिला आमंत्रण समजत असेल तर क्यू-बिडचा अर्थही बदलेल, त्यामुळे दोन्ही एकत्रच ठरवा.