गाठ साधी निघाली, दुखत नाही, तरी ऑपरेशन करावेच लागते का?

आपल्या आईंच्या कानाखालची गाठ सुईच्या तपासणीत प्लिओमॉर्फिक अडेनोमा, म्हणजे लाळग्रंथीतली साधी (कॅन्सर नसलेली) गाठ निघाली, ती दुखत नाही, मग साधी असूनही काढायची कशाला आणि खर्च किती येईल, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की ती काढावी आणि उगाच लांबणीवर टाकू नये. याच जागची, याच नावाची गाठ माझ्या यजमानांना होती आणि तिच्यावरून आमच्या लालबागच्या घरात झालेला वाद अजून पुरता मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दाढी करताना ह्यांच्या हाताला डाव्या कानाच्या पाळीखाली काहीतरी टणक लागले. बोटाने ढकलले की ते सरकायचे, दुखत मुळीच नव्हते. डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून करायची तपासणी, सांगितली, तेव्हा माझे मोठे दीर आडवे आले. गाठीला सुई लावली की ती चवताळते, चाळीतल्या एका गृहस्थांचे तसेच झाले, असे त्यांचे म्हणणे होते. त्या गृहस्थांना कॅन्सर आधीपासूनच होता, सुईने तो फक्त कळला, हे मी तेव्हाही सांगत होते. पण मोठ्या भावाचा शब्द कसा मोडायचा, या संकोचापायी ह्यांनी तपासणीच टाळली आणि पुढची काही वर्षे लेप आणि काढे यांत गेली. गाठ सुपारीएवढी होऊन कॉलरच्या वर दिसू लागली, तेव्हा मी कोणालाही न विचारता परळला जाऊन केसपेपर काढला.

तिथल्या सर्जननी केसपेपरच्या पाठीवरच कान आणि गालाचे चित्र काढले. चेहऱ्याची नस कानामागून येऊन पॅरोटिड या लाळग्रंथीत शिरते आणि तिथेच पाच शाखांत विभागून कपाळ, डोळा, गाल, ओठ आणि मान इथपर्यंत पोहोचते. गाठ तेवढी सोलून काढणे सोपे वाटते. परंतु या गाठीच्या आवरणाला बारीक कोंब असतात, ते मागे राहिले तर काही वर्षांनी एकीच्या जागी अनेक गाठी उगवतात, आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जुन्या व्रणातून नस शोधणे फार अवघड जाते. म्हणून आधी नस शोधून, ती जपत, भोवतालच्या ग्रंथीच्या भागासकट गाठ काढतात.

ऑपरेशननंतर हे पुरते शुद्धीवर येत नाहीत तोच डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटायला, गाल फुगवायला आणि दात दाखवायला लावले. डावा डोळा पूर्ण मिटत नव्हता. नस तुटली नव्हती, ताणली गेली होती. डोळ्यात थेंब आणि रात्री पापणीवर चिकटपट्टी असे करत काही महिन्यांत सगळे पूर्ववत झाले. त्या काळात दिरांनी “पाहिलंत, मी सांगत होतो” हे वाक्य प्रत्येक भेटायला येणाऱ्यापुढे म्हटले. गाठ लहान असताना काढली असती तर नस इतकी ताणावी लागली नसती, असे सर्जननीच मला सांगितले होते, आणि ते मी आजही दिरांना ऐकवते.

साधी गाठ शेजारच्या ऊतींत घुसत नाही आणि शरीरात दूर पसरत नाही, इतकेच खरे. ती निरुपद्रवी आहे असे त्यातून ठरत नाही. पाठीवरची चरबीची गाठ जन्मभर राहिली तरी बिघडत नाही, आणि त्रास नसलेले फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, केवळ सोनोग्राफीत दिसले म्हणून काढायला सांगणे मला चुकीचेच वाटते. उलट मेंदूच्या आवरणातील मेनिंजिओमा बहुधा साधा असतो, तरी कवटीत जागाच नसल्यामुळे तो नुसत्या दाबाने दृष्टी घालवू शकतो. आईंची गाठ तर पुढे कॅन्सरमध्ये बदलू शकणाऱ्यांपैकी आहे: हा धोका पहिल्या ५ वर्षांत दीड टक्क्याच्या आसपास आणि १५ वर्षांनंतर साडेनऊ टक्के असल्याचे वैद्यकीय पुस्तकांत दिलेले असते.

दिरांच्या भीतीत एक गोष्ट मात्र खरी आहे. या गाठीला चीर देऊन तुकडा काढायचा नसतो, कारण त्याने पेशी सांडतात आणि नसेलाही इजा होऊ शकते. बारीक सुईची तपासणी ही वेगळी गोष्ट आहे. ऑपरेशननंतर कानाची पाळी बधिर राहू शकते, ह्यांची अजूनही आहे, आणि लोणचे खाताना त्या गालावर घामही येतो. आईंना हृदयविकार असेल किंवा वय फार असेल, तर भूल देण्याचा धोका पाहून थांबण्याचा सल्लाही योग्य ठरू शकतो. मी डॉक्टर नाही. मात्र गाठ अचानक वाढली, दुखू लागली किंवा चेहरा एका बाजूला ओघळला, तर एक दिवसही थांबू नये.

खर्चाचे म्हणाल तर महापालिकेच्या आणि खासगी रुग्णालयांत इतके अंतर आहे की आकडा सांगण्यात अर्थ नाही. सर्जन पॅरोटिडची ऑपरेशने नेहमी करतात का, हे आधी विचारा, आणि जाताना रिपोर्टबरोबर एफएनएसीच्या स्लाइडही न्या. घरात विरोध करणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांनाही ओपीडीत सोबत घेऊन जा, म्हणजे त्यांच्या शंकांना डॉक्टरच उत्तर देतील.