माफ केलं, मग सहीही करायची का?

प्रश्न : बाई, आमची वडिलोपार्जित वाडी वसईत, समुद्राच्या अंगाला. वडील गेले तेव्हा मी आखातात नोकरीला होतो, म्हणून थोरल्या भावाला कुलमुखत्यारपत्र करून दिलं. त्याने मला न विचारता अर्धी वाडी विकली. बावखल, म्हणजे वाडीतलं पाण्याचं तळंही, त्यातच गेलं, घेणाऱ्याने भराव टाकून ते बुजवून टाकलं. पैशांचा हिशेब आजतागायत मिळालेला नाही. यंदा उपवासकाळात भाऊ घरी आला, रडला, माफी मागितली. मी माफ केलं म्हणालो. आता उरलेल्या वाडीसाठी पुन्हा तसाच कागद करून दे म्हणतोय. मी नको म्हटलं तर म्हणाला, “मग तू मनापासून माफ केलंच नाहीस. दर रविवारी मिस्सात पापांच्या क्षमेवर विश्वास आहे म्हणून कशाला बोलतोस?” हे जिव्हारी लागलंय. मिस्सात म्हणायची विश्वासाची ती कबुली, म्हणजे माझा विश्वासांगीकार, खोटा ठरतो का? आणि पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे, जावं का?
– एक वाचक, वसई

उत्तर : भाऊ, सही करू नका. हे आधीच सांगते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल.

विश्वासांगीकार आज घरी एकटे बसून सावकाश म्हणा. त्यात आपण विश्वास कोणावर ठेवतो? पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर. येशूशिवाय दोनच माणसांची नावं त्यात येतात, मरियेची आणि येशूला क्रूसाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात याची. पिलाताचं नाव काळ नेमका कळावा म्हणून घातलं, असं अभ्यासक सांगतात आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जी प्रार्थना पुढे जाऊन पापांच्या क्षमेचा उच्चार करते, तीच प्रार्थना अन्याय कोणाच्या अमलात झाला हे पुसून टाकत नाही. तेव्हा वाडी कोणी विकली, किती विकली, हे तोंडावर बोलण्याने तुमची क्षमा उणी होत नाही.

क्षमेची ओळ येते पवित्र आत्मा, ख्रिस्तसभा आणि संतांचा समागम यांच्यानंतर. म्हणजे ती पहिल्यांदा देवाची करणी आहे. देव क्षमा करतो, भावाला करतो तशी मलाही करतो, असं आपण तिथे म्हणतो. आपण एकमेकांना काय द्यायचं ते प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आहे, आणि तिथे पळवाट नाही. इतरांना क्षमा करतो तशीच आपल्यासाठी मागायची. म्हणून माफ करणं तुम्हाला चुकणार नाही. त्याचं वाईट चिंतायचं नाही, चारचौघांत तीच कथा उगाळायची नाही, त्याच्या पोरांवर राग काढायचा नाही. हे सोपं नाही. वर्षानुवर्षं पापनिवेदनात हेच सांगावं लागेल कदाचित.

पण माफ केलेल्या माणसाच्या हाती लगेच कारभार द्यावा का, हा प्रश्न तुमच्या आधी फार जुन्या लोकांना पडला होता. इसवी सन 250 मध्ये रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला की प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती घाबरले. कोणी बळी दिला, कोणी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक रडत परत आले. नोव्हेशियन नावाचा रोमचा धर्मगुरू म्हणाला, यांना दार बंद. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे बिशप कॉर्नेलियस म्हणाले, प्रायश्चित्त करू द्या आणि आत घ्या. ख्रिस्तसभेने या दोघांचं ऐकलं, आणि माझ्या मते तिच्या इतिहासातल्या फार थोर निर्णयांपैकी तो एक आहे.

आता तुमच्या कामाचं ऐका. घसरलेल्यांत बिशपही होते. स्पेनमधल्या दोन बिशपांनी असे दाखले घेतले होते आणि पुढे त्यांना आपली गादी परत हवी होती. सिप्रियन आणि त्यांच्या सोबतच्या बिशपांनी स्पष्ट कळवलं की प्रायश्चित्ताला मोकळीक आहे, गादी मिळणार नाही. 325 मध्ये निकया इथे बिशपांची परिषद भरली. तिच्या दहाव्या नियमाने छळात घसरलेल्यांना धर्मगुरुपदावर ठेवायला मनाई केली. अकराव्याने जबरदस्ती नसतानाही घसरलेल्यांना परतीची वाट दिली, पण कशी? तीन वर्षं नुसतं ऐकायचं, सात वर्षं पश्चात्ताप्यांत गुडघे टेकायचे, दोन वर्षं सर्वांबरोबर प्रार्थना करायची, आणि त्यानंतर वेदीशी, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायला, यायचं. वर सांगितला तो प्रेषितांचा विश्वासांगीकार; त्याहून लांब असा निकयाचा जो विश्वासांगीकार आहे, त्याचा पहिला मजकूर याच परिषदेने ठरवला. पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा ही ओळ त्यात 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेपासून धरतात. क्षमा शिकवणाऱ्या या माणसांना तुमचा नकार कठोर वाटला नसता.

तुमचा भाऊ म्हणेल, प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचं काय? त्याने तीनदा प्रभूला नाकारूनही प्रभूने त्याच्याच हाती आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, दिली. हो, दिली. म्हणून विश्वास पुन्हा कधीच बसणार नाही असं मी म्हणत नाही. पण आधी सरोवराकाठी तीनदा एकच प्रश्न विचारला, इतका की पेत्राला वाईट वाटलं. आणि पेत्राने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. तुमच्या भावाने माफी मागितली आणि पाठोपाठ कागद पुढे केला. ही घाई मला खटकते.

माझ्या सासूबाईंकडे त्यांचा एक भाचा यायचा. त्याने त्यांची सोन्याची पोत परस्पर गहाण टाकून घालवली होती. त्यांनी त्याला माफ केलं, आणि ते खरं होतं, मी रोज पाहत होते. रविवारी तो जेवायला असला की घोळीचं डोकं त्याच्या ताटात पडायचं, तो आजारी पडला तेव्हा पेजेचा डबा यांच्याकडूनच गेला. कपाटाच्या चाव्या मात्र त्यांच्या कमरेलाच. एकदा त्याने हसत विचारलं, “मावशी, अजून माझ्यावर भरवसा नाय?” त्या म्हणाल्या, “जेव तू आधी, गार होतंय.” दोघांत कडवटपणा नव्हता. तो शेवटपर्यंत येत राहिला.

तर आता असं करा. भावाला घरी बोलवा आणि म्हणा, पहिल्या विक्रीचे कागद घेऊन ये, आपण दोघं बसून हिशेब करू. सातबारा आणि फेरफार तुम्ही स्वतः काढून बघा. उरलेल्या वाडीचं काही करायचंच असेल तर रीतसर नोंदणीकृत वाटणीपत्र होऊ द्या, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या हिश्शावर आपली सही करावी. हक्कसोडपत्र पुढे आलं तर आपल्या वकिलाला दाखवल्याशिवाय हात लावू नका. हिशेबात भाऊ खरा उतरला, झालेल्या नुकसानीतलं जमेल तेवढं भरून देऊ लागला, तर काही वर्षांनी तुमचं मन बदलेलही. तेव्हाचं तेव्हा.

लग्नाला जा. वहिनींना, मुलांना घेऊन जा, आणि पाहुण्यांसारखे ऐन वेळी नको, आदल्या दिवशी मांडव घालायलाच जा. पुतण्याला काका हवाच असणार. तिथे कोणी वाडीचा विषय काढलाच, तर आज लग्न आहे, एवढंच सांगा.