टेप लोड होत नाही? आधी कान लाव

माळ्यावरून झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे कॅसेटवरून प्रोग्राम घेणारा तो जुना घरगुती संगणक, काढलास, झकास! पण घाईघाईत हाताला लागेल तो अडॅप्टर खुपसू नकोस. त्याला ९ व्होल्ट लागतात, आणि पिनच्या आत ऋण, बाहेर धन. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरच्या बरोबर उलटं. इथे चुकलास तर पुढचं वाचायची गरजच नाही.

आता टेप. 'जे' दाबलंस की 'लोड' हा अख्खा शब्द उमटतो. मग सिम्बल शिफ्ट धरून दोनदा 'पी', एंटर. टेपरेकॉर्डरचा आवाज पाऊण, ट्रेबल चढा. स्क्रीनच्या कडेला लाल-आकाशी जाड पट्टे सरकले की सूर लागला. बारीक पिवळे-निळे आले की डेटा येतोय. अडखळतंय? कॅसेटला शिव्या देऊ नकोस. टेपरेकॉर्डरचं हेड (टेप वाचणारा भाग) स्पिरिटने पूस, हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरव, आणि किरकिर खणखणीत झाली की तिथेच थांब.

एकदा माझं पाच मिनिटांचं लोडिंग संपत आलं असताना धाकट्याने पंख्याचं बटण दाबलं होतं. सगळं मुसळ केरात! तेव्हापासून लोडिंग चालू असताना आमच्याकडे स्विचला हात लावायला बंदी असे.

हो, प्रोग्राम टेपवर सेव्ह करताना 'इअर'ची वायर (टेपमधून संगणकात आवाज नेणारी) काढून ठेव.