‘मॅडम, मेल उघडायचीच भीती वाटते’

हे वाक्य मी नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय, की आता समोरच्याने फोन टेबलावर पालथा ठेवला की मी अर्धं ओळखते. बँकेतले अधिकारी, स्पर्धा परीक्षांची पोरं, निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्यांची तक्रार एकच: मेल साचलेत, आवरत नाहीत. आणि त्याआधी ठरलेली पुस्ती, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी आले म्हणून हसू नका.’

मी हसत नाही. एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत, आणि पाच-सहा भेटींतलं निवडक तेवढंच घेतलंय.

वय सेहेचाळीस, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात. न वाचलेले मेल १४,३८२.

“रोज रात्री बारापर्यंत साफ करून राहते न मी,” त्या म्हणाल्या. “सकाळी पुन्हा तेवढेच! लेबलं पण केली. एक्केचाळीस.”

एक्केचाळीस लेबलं! ‘घर’, ‘घर-वीज’, ‘घर-वीज-जुनं’... मी वाचतच राहिले. आवरण्यात ही बाई कुठेच कमी नव्हती. मग अडत कुठे होतं?

दुसऱ्या भेटीत ते निघालं. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या प्रवेशाचा फॉर्म दुरुस्त करायची मुदत एका मेलमध्ये आली होती. तो मेल जाहिरातींच्या गर्दीत राहिला, मुदत गेली. घरात एकच वाक्य झालं, ‘तुझं लक्षच नसतं.’ त्या दिवसापासून प्रत्येक मेल वाचलाच पाहिजे.

‘वाचलाच’मधला तो ‘च’. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करणारी, त्यामुळे माझा कान आधी तिथेच जातो. वाचलेला बरा, ही इच्छा झाली. वाचलाच पाहिजे, हा स्वतःवर काढलेला हुकूम. तो पाळता येत नाही, म्हणून माणूस मेलबॉक्सच उघडेनासा होतो. याला लोक आळस म्हणतात.

हे मी समजावलं. त्यांनी मान हलवली. मान हलली म्हणजे पटलं असं नसतं, एवढं इतक्या वर्षांत कळतं.

तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, “तुमच्या वडिलांचं इतवारीत किराणा दुकान होतं न? तिथली बिलं कुठे ठेवायचे?”

“तारेत ओवायचे.”

“ओवताना वाचायचे?”

“नाही हो. उधारीचं असलं तर वहीत लिहायचे. बाकी सरळ तारेत.”

“मग तारेतली बिलं हरवली होती का?”

त्या गप्प झाल्या. बराच वेळ. खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं, तेवढाच आवाज. मग म्हणाल्या, “बाबांना कोणी कधी म्हटलं नाही, तुमचं लक्षच नसतं. मी बाप्पा तार आणि वही एकच करून ठेवली!”

हे मला सुचवता आलं नसतं. प्रश्न तेवढा माझा होता, आणि तो बरोबर वेळी सुचला याचं मला आजही बरं वाटतं.

त्यानंतरचं काम सोपं होतं. तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. जीमेलमध्ये लेबल म्हणजे कप्पा नव्हे, चिठ्ठी आहे. एका मेलवर दोन-तीनही लागतात. लेबल काढून टाकलं तरी मेल जात नाही. ‘अर्काइव्ह’ केलेला मेलही कुठे जात नाही, फक्त इनबॉक्समधून उठतो. ‘ऑल मेल’मध्ये सापडतो आणि त्यावर कोणाचं उत्तर आलं की आपणहून परत समोर येतो. हीच ती तार. फोनवर मेल दाबून धरला की निवडला जातो, मग वरच्या तीन टिंबांत लेबलाचा पर्याय. तिथे ‘मूव्ह’ निवडलंत तर लेबल लागून मेल इनबॉक्समधून हलतो. नुसतं लेबल लावलंत तर तिथेच बसून राहतो. ‘लेबलं लावली तरी गर्दी तेवढीच’ असं म्हणणारे बहुतेक इथेच फसलेले असतात.

लेबलांना विषयाची नावं देऊ नका, कामाची द्या. आम्ही एक्केचाळीसची तीन केली: ‘उत्तर द्यायचं’, ‘पैसे भरायचे’, ‘जपायचं’. मराठीत नावं चालतात, आणि स्वतःच्या भाषेतलं काम जरा कमी परकं वाटतं हा माझा अनुभव. मुलाच्या कॉलेजचे मेल आपोआप वेगळे पडावेत म्हणून चौथं लेबल आणि त्याला फिल्टर. फिल्टर फोनच्या ॲपमध्ये बनत नाही. मुलाच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत झाला. मग अँड्रॉइड फोनवरच्या जीमेल ॲपच्या सेटिंगमध्ये त्या एका लेबलाची सूचना चालू, बाकी सगळं मुकं. दोन वर्षांची भीती ज्या मेलची होती, तोच आता वाजणार होता.

एक मात्र सांगून ठेवते. लेबल किंवा अर्काइव्हने जागा रिकामी होत नाही. फुकटचे १५ जीबी फोटो आणि ड्राइव्हसकट असतात. जागा हवी तर जाहिराती डिलीट करा, धीर धरून करा. कचऱ्यात ३० दिवस राहतात, तोवर परत आणता येतात.

“आणि ते चौदा हजार?” त्यांनी विचारलं.

“राहू द्या. माझे सहा हजार आहेत.” मी फोन दाखवला. त्यांना त्या दिवशी सगळ्यात जास्त धीर बहुधा त्यानेच आला.

शेवटच्या भेटीत मी लेबलं बघायला मागितली. चार ठरलेली होती, आणि एक नवं: ‘यांचे’. नवरा विमा, गॅस, सोसायटी, आपल्या वाट्याचं सगळं ‘बघ गं’ लिहून पुढे पाठवायचा. ते आता फिल्टरने थेट तिथे पडतं. दर रविवारी सकाळी तर्री-पोहे झाले की त्या फोन त्याच्याच हातात देतात. त्या लेबलाची सूचना बंद. हे मी सुचवलं नव्हतं.