पाय अडकलाय, मोडलेला नाही

आधी एक करा. रास्पबेरी पायचं कार्ड लॅपटॉपला लावल्यावर विंडोज 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारतंय ना, तिथे कॅन्सल दाबा. तुमचं सगळं जागेवर आहे.

मला समजलेली हकिगत अशी: रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा लिनक्स कॉम्प्युटर), त्याला १ टीबीची हार्ड डिस्क, एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठल्या डिस्क माउंट करायच्या, म्हणजे कुठल्या फोल्डरला जोडायच्या, त्याची यादी) '/डेव्ह/एसडीए१' अशी ओळ. परवा डिस्क काढून पाय चालू केला, तर तो दीड मिनिट ताटकळला आणि 'इमर्जन्सी मोड'मध्ये गेला. वर 'रूट अकाउंट लॉक्ड', म्हणजे सर्वाधिकारी रूट युजरचं खातं बंद, आत शिरायचीही सोय नाही. मग पायची सिस्टिम असलेलं एसडी कार्ड लॅपटॉपला लावलं, तर स्टार्ट४.ईएलएफ, कर्नल८.आयएमजी असल्या फाइली दिसल्या आणि एफएसटॅब जिथे असते तो ईटीसी फोल्डर गायब.

गायब नाही हो. कार्डावर दोन पार्टिशन असतात: पहिलं छोटं फॅट३२, दुसरं मोठं ईएक्सटी४. विंडोजला दुसरं वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅटचा हट्ट धरतं. पायच्या बूटलोडरलाही सुरुवातीला फॅटच लागतं. वीज मिळाली की बोर्डावरच्या ईईप्रॉममधला बूटलोडर पहिल्या पार्टिशनवरून स्टार्ट४.ईएलएफ उचलतो. ते कॉन्फिग.टीएक्सटी वाचतं, बोर्डाच्या हार्डवेअरची माहिती असलेली डीटीबी फाइल आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीत ठेवतं आणि सीएमडीलाइन.टीएक्सटीमधली ओळ कर्नलच्या हाती देतं. त्या ओळीत 'रूट=पार्टयूयूआयडी...' असतं, म्हणजे दुसऱ्या पार्टिशनचा पत्ता. (बूटकोड.बिन दिसेल, ती पाय ३ पर्यंतच्या बोर्डांसाठी. ४ तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.) एफएसटॅबची पाळी या सगळ्यानंतर. तुम्ही इमर्जन्सी मोडपर्यंत पोचलात, म्हणजे बूट फाइली ठणठणीत आहेत. कुठून तरी नवीन आणून त्यांवर चिकटवू नका.

फक्त सीएमडीलाइन.टीएक्सटी उघडा. त्यात एकच लांबलचक ओळ असते. तिच्या शेवटी एक स्पेस देऊन 'इनिट=/बिन/एसएच' जोडा. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थात रोमनमध्ये करा.) एंटर मारू नका, दुसऱ्या ओळीवर गेलेलं वाचलंच जात नाही. कार्ड पायमध्ये घाला, कीबोर्ड आणि मॉनिटर लावा. सरळ रूटचा प्रॉम्प्ट येईल. तिथे 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' (म्हणजे कार्डावर लिहिता येईल), मग नॅनो या एडिटरने /ईटीसी/एफएसटॅब उघडा आणि डिस्कच्या ओळीत 'डीफॉल्ट्स'ला लागूनच ',नोफेल' लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी पाय अडणार नाही. मध्ये स्पेस नको. सेव्ह, 'सिंक', वीज बंद. सीएमडीलाइनमधली भर काढून टाकायला विसरू नका.

आता मूळ चूक. एसडीए१ हे डिस्कचं नाव नव्हे, रांगेतला नंबर आहे. दुसरा पेनड्राइव्ह आधी सापडला की तोच एसडीए होतो. 'एलएसबीएलके -एफ' चालवा, यूयूआयडी, म्हणजे त्या पार्टिशनची न बदलणारी ओळख, मिळेल; ओळीत 'यूयूआयडी=' लिहून तोच द्या. डिस्क कायम पायलाच राहणार असेल तर ईएक्सटी४ करा, पण फॉरमॅटमध्ये आतलं सगळं जाईल, आधी दुसरीकडे कॉपी काढा. अधूनमधून लॅपटॉपलाही लावायची असेल तर एनटीएफएस राहू द्या; मात्र त्यावर चोन करून मालकी बदलत बसू नका, 'यूआयडी=१०००,जीआयडी=१०००' हे ओळीतच लिहा. मग 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' (बदललेली यादी पुन्हा वाचायला) आणि 'माउंट -ए' (यादीतलं सगळं जोडायला), दोन्ही सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकारात. ओरड व्हायची असेल ती इथेच होऊ दे, रीबूटनंतर नको.

नोफेलचा एक डंख मला बसलाय. माझ्या घरी रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने डिस्कवर बॅकअप जायचा. एकदा केबल ढिली झाली, पाय नोफेलमुळे निमूट चालू झाला, आणि बॅकअप डिस्कवर न जाता त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे कार्डावरच ओतला गेला. ३२ जीबीचं कार्ड सकाळी तुडुंब. तेव्हापासून डिस्क काढलेली असताना त्या फोल्डरवर 'सुडो चॅटर +आय' मारून ठेवतो, म्हणजे त्या फोल्डरला कुलूप. डिस्क त्यावर नेहमीसारखी माउंट होते. नसली तर लिहायला गेलेला प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो.

पुढेमागे कॉन्फिग.टीएक्सटी बदलावी लागली तर रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ च्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून ती /बूट/फर्मवेअरमध्ये असते. जुन्या जागी फक्त 'इथे बदल करू नका' अशी पाटी लावलेली फाइल सापडेल.

आणि चालू असताना डिस्क टकटक करून गायब होत असेल, परत येताना एसडीबी म्हणून येत असेल, तर एफएसटॅबला दोष देऊ नका. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात, आणि फिरती डिस्क सुरू होताना बरीच ओढते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा.