बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचं जंगल राखण्यात आमदार नेमकं काय करू शकतो?

अभयारण्य जाहीर करणं आमदाराच्या हातात नाही, ते राज्य सरकार करतं. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये तसंच झालं. आणि एकदा झालं की १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या कलम २६अ नुसार राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय हद्द बदलत नाही. तेव्हा 'हद्द कमी करून देतो' असल्या आश्वासनावर अजिबात विसंबू नका.

आमदाराचा खरा उपयोग ग्रामसभेपाशी. सामूहिक वनहक्काच्या (गावानं मिळून जंगल वापरायचा-राखायचा कायदेशीर हक्क) ठरावाला ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका, शिवाय निम्मे दावेदार. माणसं कामाला गोव्या-बेळगावात. कोरम भरत नाही, दावा अडतो. गणपतीत सगळे गावी असतात, तेव्हाच सभा लावून घ्या. कागद कन्नडमध्ये असतील तर मराठी प्रतीसाठी आमदारांनाच पत्र लिहायला लावा.